घर बंद, सहमत

“ताई, मी बंद कुठं हाय? सकाळपासून चूल पेटलीय, खोल्यांना नव्या चादरी घातल्यात. आणि तुमच्या हापिसातनं पाहुण्यांना सांगतात, वंदना पाटलांचं घर बंद हाय. कुणी केलं बंद?”

हा फोन शनिवारी सकाळी आला. आमच्या धंद्यात शनिवारी सकाळी फोनवर शांतपणे बोलणारा माणूस म्हणजे नवीन लागलेला माणूस. अर्धी मुंबई गाडीत बसून अलिबागच्या दिशेला निघालेली असते आणि प्रत्येकाला आपली खोली समुद्राकडे तोंड करून हवी असते. मी एका कुटुंबाला एसी आणि पंखा यांतला फरक बुकिंगच्या वेळीच सांगितला होता, हे पटवत होते. मी म्हटलं, “वंदनाताई, पाच मिनिटं द्या, बघते.” पाच मिनिटं मी रोज इतक्या लोकांना वाटते की माझ्याकडे माझ्यासाठी काही उरत नाहीत.

मी अलिबागमध्ये एका होमस्टे बुकिंग कंपनीत आहे. कंपनी म्हणजे झेरॉक्सच्या दुकानावरच्या दोन खोल्या, चार माणसं आणि एक कायम गळणारा वॉटर कूलर. माझ्या कार्डावर ‘कम्युनिटी मॅनेजर’ असं छापलंय. आईला अजून वाटतं, मी कुठल्या तरी समाजमंदिराचं बघते. मी सांगायचं सोडून दिलंय.

काम असं आहे. किनाऱ्यावरच्या प्रत्येक गावाचा आम्ही मोबाइलवर एक ग्रुप केलाय. त्यात त्या गावातले घरमालक. पर्यटकाचा फोन आला की ऑफिस ग्रुपवर टाकतं, ‘सहा माणसं, शनि-रवि, मच्छी चालेल.’ जो मालक आधी ‘आहे’ लिहील, पाहुणे त्याचे. एवढाच हिशोब. म्हणजे ग्रुपमध्ये असणं म्हणजेच धंद्यात असणं. वंदनाताईंसारख्या बाईला, जिच्या घरावर ना मोठा बोर्ड ना इंटरनेटवर फोटो, तिला ग्रुपबाहेर काढलं की तिचा सीझन संपला.

ग्रुपमध्ये माणूस घ्यायचा आणि काढायचा अधिकार ज्याच्याकडे, तो ॲडमिन. गेल्या सीझनपर्यंत सगळ्या गावांची ॲडमिन मी एकटी होते. गुड मॉर्निंगचे गुलाब मी पुसायचे, जेट-स्कीच्या जाहिराती मी पुसायच्या. ‘आहे’ आधी कुणी लिहिलं यावरून दोन चुलत भाऊ ग्रुपवर एकमेकांचे वडील काढायला लागले की मध्ये मीच पडायचं. भावाच्या लग्नात माझ्या एका हातात उधळायची फुलं होती आणि दुसऱ्या हातात फोन. फुलं उधळली गेली की फोन, हे मला आजही नक्की सांगता येणार नाही.

शेवटी मी सरांकडे माणूस मागितला. आमचे सर मुंबईचे. शुक्रवारी रो-रो बोटीने गाडीसकट येतात, आणि भाऊच्या धक्क्यापासून मांडव्यापर्यंत त्यांना आयडिया सुचतात.

“ज्योती, हायरिंग नाही,” ते म्हणाले. “कम्युनिटीला एम्पॉवर कर. पॉवर डिस्ट्रिब्यूट कर. लोकांना सांग, ये आपका ग्रुप है.”

“सर, पगार?”

“व्हॉलंटियर्स! लोकांना रिस्पेक्ट पाहिजे असतो.”

मग आम्ही दर गावात तीन मॉडरेटर नेमले. मॉडरेटर म्हणजे ग्रुपवर लक्ष ठेवणारा माणूस. नको तो मेसेज पुसायची मुभा प्रत्येकाला. माणूस काढायचा असेल तर मात्र एकट्याने ठरवायचं नाही. एकाने मॉडरेटरांच्या वेगळ्या ग्रुपवर कारण लिहायचं, बाकीच्या दोघांनी खाली ‘सहमत’ लिहायचं, आणि तिघांचं एकमत झालं की शेवटचं बटण मी दाबायचं. नियम मीच लिहिला होता. एकट्याच्या रागालोभावर कुणाचा धंदा जाऊ नये, इतका साधा विचार त्यामागे होता.

मॉडरेटर कोण, हे आम्ही गावांनाच विचारलं. या गावाने भगवानदादा पाटलांचं नाव दिलं. ते एसटीचे रिटायर्ड ड्रायव्हर, आवाज खणखणीत. दुसरा त्यांचा चुलतभाऊ. तिसऱ्या नलिनीबाई, पूर्वी बालवाडी चालवायच्या. गावाचं नाव लिहीत नाही. नागाव नव्हे आणि श्रीवर्धनही नव्हे, मधलं कुठलं तरी समजा.

आणि खोटं कशाला बोलू, छान चाललं होतं. भगवानदादांनी पहिल्याच आठवड्यात गुलाब बंद केले. भांडणारे चुलतभाऊ तर त्यांच्या एका फोनवर गप्प झाले, मला जे वर्षभर जमलं नव्हतं. रविवारी दुपारी मी गरम भात गरम असतानाच जेवले. आमच्या घरी त्याची चर्चा झाली.

तर त्या शनिवारी मी मॉडरेटरांचा ग्रुप उघडला. गुरुवारच्या तारखेला भगवानदादांचा मेसेज होता, ‘वंदना पाटील, घर बंद.’ खाली त्यांच्या चुलतभावाचं ‘सहमत’. त्याखाली नलिनीबाईंचं ‘सहमत’. तो मेसेज मी गुरुवारीच वाचला होता आणि वंदनाताईंना ग्रुपमधून काढलंही होतं.

आता, ‘घर बंद’ हे आमच्याकडे रोजचं आहे. कौलं गळतात, घरात लग्न निघतं, कुणी आजारी पडतं, पावसाळ्यात तर निम्मा किनारा बंद असतो. मालक ‘घर बंद’ कळवतो, आम्ही त्याला तेवढ्यापुरतं ग्रुपमधून बाहेर ठेवतो, सुरू झालं की परत घेतो. त्यात डोकं लागत नाही. मी ते बटण चहा ढवळता ढवळता दाबते.

पण आता नीट बघितल्यावर एक गोष्ट खटकली. घर बंद असण्याला कुणी सहमत कशाला लागतं? कौल गळतंय की नाही, यावर मतदान घेत नाहीत. आणि ही खबर मालक स्वतः देतो, शेजारी देत नाहीत.

मी भगवानदादांना फोन लावला.

“दादा, वंदनाताईंचं घर तर उघडं आहे.”

“दार उघडं असंल. घर बंद हाय.”

“म्हणजे काय?”

“मॅडम, तुम्ही इकडच्याच ना? गावकीनं बंद केलंय. बोलणं बंद, येणंजाणं बंद, देणंघेणं बंद.”

“मग तसं स्पष्ट लिहायचं होतं.”

“आम्ही खोटं कुठं लिहिलं? बंद लिहिलं. बंदच हाय.”

बाहेरच्यांसाठी सांगते. गावकी म्हणजे ग्रामपंचायत नव्हे. तिची निवडणूक होत नाही. गावातल्या घरांची ती जुनी बैठक. देवळाचा उत्सव, वर्गणी, बांधाची भांडणं, सगळं तिथे. बऱ्याच गावांत ती चांगली कामंही करते. पण एखाद्यावर बैठकीचा राग झाला की त्या घराला वाळीत टाकायचं, ही जुनी खोड आमच्या जिल्ह्यात अजून गेलेली नाही. त्याविरुद्ध कायदा झाला, तेव्हापासून तो शब्द कुणी तोंडातून काढत नाही एवढंच. आता ‘बंद’ म्हणतात.

वंदनाताईंचा गुन्हा असा की गावकीला समुद्राकडे गाड्या जाण्यासाठी रस्ता रुंद करायचा होता आणि तो त्यांच्या वाडीच्या कडेने जात होता. पोफळी तोडायला त्यांनी नकार दिला. तिथवर चाललं असतं. पण त्या तहसीलदारांकडे अर्ज घेऊन गेल्या. गावातला विषय गावाबाहेर नेला, हे काही चाललं नाही.

मला राग आला. आमचं बौद्ध घर. माझे वडील शिक्षक होते, पण त्यांच्या लहानपणच्या पाणवठ्याची गोष्ट त्यांनी आम्हाला एकदाच सांगितली आणि परत विचारू दिली नाही. एखाद्या घराशी सगळ्या गावाने न बोलणं म्हणजे काय, हे मला पुस्तकातून कळलेलं नाही. आणि त्या गावाने ठरवलेल्या गोष्टीवर शेवटचं बटण मी दाबलं होतं, चहा ढवळत. त्या दिवशी कुणाशीच धड बोलले नाही मी. एसीवाल्या कुटुंबाशी तर फारच वाईट बोलले.

आधी वंदनाताईंना ग्रुपमध्ये परत घेतलं आणि ऑफिसला सांगून दुपारचे पाहुणे थेट त्यांच्याकडे पाठवले. मग सरांना फोन केला.

“ॲड केलंस ना परत? मग प्रॉब्लेम काय? दोन सेकंदांचं काम.”

“सर, गावाने त्यांना वाळीत टाकलंय, आणि आपण त्यांना ग्रुपमधून काढून त्याला हातभार लावलाय. असं करणं गुन्हा आहे.”

“गुन्हा म्हणजे? पोलीस वगैरे?”

“हो. टाकणाऱ्यावर होतो, मदत करणाऱ्यावरही होऊ शकतो.”

पलीकडे इंडिकेटर वाजला, सरांनी गाडी कडेला घेतली असावी. मग सर म्हणाले, “ज्योती, सगळे मॉडरेटर काढ. सगळ्या गावांतले. पहिल्यासारखं तू एकटीच बघ. तू करतेस ना छान!”

मी “बघते” म्हटलं. पण पहिल्यासारखं म्हणताच माझी मान दुखायला लागली, खरंच दुखायला लागली. आणि एकटीने केलं असतं तरी काय झालं असतं? भगवानदादांनी मला फोन करून ‘घर बंद’ सांगितलं असतं आणि मी तसंच बटण दाबलं असतं. लोक कमी केले म्हणून शब्दाचा अर्थ बदलत नाही.

सोमवारी मी गावात गेले. भगवानदादांच्या ओटीवर खुर्च्या मांडल्या होत्या. सोलकढी आली. ते माझ्याशी नेहमीइतकेच नीट वागले, आणि त्याचाच मला त्रास होत होता.

“मॅडम, तुम्हीच म्हणालात ना, हा ग्रुप तुमचा, तुम्ही सांभाळा?”

“म्हटलं होतं.”

“मग आम्ही सांभाळला. गावात एक ठरतं आणि ग्रुपवर दुसरं, असं कसं चालंल? उद्या गावात म्हणतील, हा भगवान फोनवर वंदनाशी धंदा करतो. मी काय तोंड दाखवू?”

“म्हणून तिचा धंदा बुडवायचा?”

“मी न्हाय बुडवला. गावकीनं ठरवलं, एकमतानं.”

मी त्यांना कायद्याचं सांगितलं. त्यांना ते ठाऊक होतं. म्हणाले, “व्हय, म्हणून तर कुणी काही लिहून ठेवत न्हाय.” मग त्यांच्या लक्षात आलं की त्यांनी स्वतःच्या नावाने, तारखेसकट, माझ्या ग्रुपवर लिहून ठेवलंय. त्यांनी सोलकढीचा पेला खाली ठेवला. हे मी मजेने सांगत नाहीये. म्हातारा माणूस आहे, घाबरला. मलाही त्याचं वाईट वाटलं, आणि वाईट वाटलं म्हणून स्वतःचाच राग आला.

नलिनीबाई ओटीवर सगळा वेळ गप्प होत्या. मला स्टॉपपर्यंत सोडायला मात्र आल्या. घरं संपून सुरूची झाडं लागली, तेव्हा त्या बोलल्या.

“ताई, नियम तुम्ही केलात ना, तिघांचं एकमत?”

“हो. तुम्ही एकट्या ‘नाही’ म्हणाला असतात तरी वंदनाताई राहिल्या असत्या. त्यासाठीच केला होता.”

“तेच सांगते. मी ‘नाही’ लिहिलं असतं तर ती राहिली असती, आणि माझ्यामुळं राहिली हे दिवेलागणीच्या आत गावाला कळलं असतं. तिघांची नावं, एकाखाली एक. मग पुढचं घर माझं.” थोडं चालून त्या म्हणाल्या, “वंदनाच्या दोन्ही पोरांना मी अक्षरं शिकवलीत. आता रस्त्यात दिसली तर मी मान फिरवते.”

एसटी आली, मी चढले.

येताना खिडकीशी बसून मी विचार केला तो एवढाच. मी तीन माणसं नेमली तेव्हा मला वाटलं, तीन मतं झाली. त्या गावात तिघांचं मिळून एकच मत होतं, आणि ते माझ्या ग्रुपवर यायच्या आधी देवळात ठरत होतं. हो म्हणायचा अधिकार मी नलिनीबाईंना दिला होता. नाही म्हणून घरी सुखरूप जायची सोय मी केली नव्हती. ती माझ्या हातात होती का, हेही मला माहीत नाही.

पण जे हातात होतं ते बदललं. सरांना म्हटलं, मॉडरेटर काढणार नाही, काढलेत तर मीही निघते. ते म्हणाले, “अरे, इमोशनल नको होऊ,” म्हणजे मान्य. आता ‘घर बंद’ फक्त त्या घराच्या मालकानेच सांगायचं. कुणाला काढायची वेळ आली तर निकाल त्याच्या गावातले मॉडरेटर देत नाहीत, लांबच्या दुसऱ्या गावातले देतात (या गावासाठी श्रीवर्धनकडचे), आणि तेही ग्रुपवर न लिहिता फक्त मला कळवतात. कुणी काय म्हटलं ते बाहेर सांगितलं जात नाही. आणि काढण्याआधी त्या माणसाला फोन करून त्याचं म्हणणं विचारायचंच.

भगवानदादांना हे समजावलं तेव्हा ते चिडले. “त्या श्रीवर्धनच्या माणसांना आमच्या गावातलं काय कळतं?”

“काही नाही.”

“मग?”

“म्हणूनच, दादा.”

त्यांनी मॉडरेटरपद सोडलं. गुलाब परत सुरू झाले. श्रीवर्धनकडचे मॉडरेटर म्हणाले, आमची भांडणं आम्हाला पुरत नव्हती म्हणून ही लावून दिलीत का. त्यांचंही बरोबर होतं. पण काम करतात. या सीझनमध्ये उगाच कुणी निघालं नाही.

वंदनाताईंना मी कायद्याचं विचारलं. तक्रार केलीत तर मी जबाब देईन, म्हटलं. त्या म्हणाल्या, “ताई, तक्रार करून पोलीस येतील आणि जातील. मला त्याच गल्लीतनं पाणी भरायचंय.” मी आणखी एकदा विचारलं, मग विचारलं नाही. निर्णय त्यांचा होता.

ग्रुपमध्ये त्या परत आल्या त्या दिवशी त्यांनी लिहिलं होतं, ‘नमस्कार, घर चालू आहे.’ एरवी कुणी परत आलं की हात जोडलेल्या चित्रांचा ढीग पडतो. त्यांच्या मेसेजखाली काही आलं नाही. सगळ्यांनी वाचला होता, ते दिसत होतं. पाहुणे मिळायला लागले, कारण ते आमच्या हातात होतं. पण एखाद्याकडे जास्त पाहुणे झाले की तो शेजाऱ्याकडे पाठवतो, ते त्यांच्याकडे येत नसत. बोटवाला त्यांचे पाहुणे घेत नसे. एका पुण्याच्या बाईने ऑफिसला फोन करून विचारलं, घर फार छान होतं, पण गावात कुणीच त्या घराचा पत्ता का सांगत नाही?

मग एका दुपारी वंदनाताईंचा फोन आला.

“ताई, मला त्या ग्रुपातनं काढा.”

मला वाटलं, कुणी धमकावलं. तसं नव्हतं.

“कुणी काही म्हणत न्हाय, तेच तर. मी काही लिहिलं की सगळे वाचतात आणि गप्प बसतात. रस्त्यात एक वेळ सोसतं, मी खाली बघून निघून जाते. पण फोन माझ्या उशाशी असतो. घरात बसून पण तेच बघायचं का?”

मी त्यांना काढलं. या वेळी चहा बाजूला ठेवून. आता त्यांच्यासाठीची चौकशी ऑफिस ग्रुपवर टाकत नाही, मी त्यांना सरळ फोन करते. सर विचारतात, एकाच मालकिणीला वेगळी वागणूक का, प्रोसेसमध्ये बसत नाही. मी म्हणते, “बघते.”

या कामात मी शिकले ते थोडं आहे. अधिकार वाटून देता येतात, त्याची सेटिंग्ज असतात, कोणालाही शिकवता येतं. जबाबदारी वाटताना आधी बघावं की समोरच्याला ती नाकारायची मुभा आहे का. नसेल तर आपण त्याला फक्त आपलं बटण दाबायला लावतो.

शुक्रवारी मी वंदनाताईंना फोन करते. किती माणसं, किती वाजता, व्हेज की मच्छी, दोन वाक्यांत संपतं. मग त्या बोलायला लागतात. पोफळीला यंदा फळ कसं आहे, मांजरीने कुठे पिल्लं घातली, धाकट्याला शाळेत काय म्हणाले. मधे थांबत नाहीत, कारण आठवड्यात त्यांच्याशी बोलणारी बाहेरची मी एकटीच असते. समोर तिसरी लाइन वाजत असते, ऑफिसातले हातवारे करत असतात. मी ऐकते. हे काम माझ्या कार्डावर लिहिलेलं नाही, आणि वाटून द्यायला त्या गावात मला अजून कुणी मिळालेलं नाही.